कोंडाई राहिली

आज हिवरसांगवी माळावर बसलेली दिसते, पण हे गाव पहिल्यापासून तिथं नव्हतं. फार मागं, आपल्या पणजीच्या पणजीनंही जो काळ पाहिला नाही त्या काळात, ते खाली बोरनदीच्या अगदी काठाला होतं. गावाभोवती मातीचं कूस होतं. कुसाच्या आत पाटील होते, माळी होते, कुंभार, न्हावी, परीट होते. कुसाच्या बाहेर, नदीकडच्या उतारावर, काही झोपड्या होत्या. तिथल्या माणसांनी गावाची राखण करायची, निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची आणि गावानं त्यांना शिवायचं नाही, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. कुणी विचारायचंही नाही.

या गावात कोंडाई नावाची एक परटीण होती. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर तिला कोंड्यात लोळवली आणि नाव ठेवलं कोंडाई. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. दोन गाढवं होती आणि एक आवाज होता. घाटावर कपडे आपटता आपटता ती हाक मारायची, ती पाटलांच्या ओसरीवर ऐकू यायची. आणि तिचा राग असा, की त्याला आधी धूर नसायचा, एकदम जाळच. एकानं तिच्या बलुत्याच्या ज्वारीत खडे मिसळले, तर तिनं त्याला भर चावडीपुढं बसवून एकेक खडा निवडायला लावला, असं म्हणतात.

एका भादव्यात वर डोंगरात ढग फुटला आणि बोरनदी गावात शिरली. कुसाच्या आतल्या घरांच्या भिंती बसल्या. कुसाबाहेरच्या झोपड्या तर कुठं होत्या हेही नंतर ओळखू येईना. तिथली किती माणसं गेली, ते गावानं मोजलंसुद्धा नाही. वाचले ते सगळे माळावर चढले, आणि काठ्यांवर घोंगड्या नि फाटकी लुगडी ताणून खाली बसले. कुसातले लोक माळाच्या मध्यावर बसले, कुसाबाहेरचे दूर बांधापलीकडे. कूस वाहून गेलं होतं, तरीही.

तेव्हा पलीकडच्या टेकडीवर जहागीरदारांची गढी होती. जहागीरदार काही दुष्ट नव्हते. पूर ओसरल्यावर त्यांनी धान्य पाठवलं, बांबू पाठवले आणि निरोप पाठवला, की तुम्हाला माळावर नवं गाव वसवून देतो. लोकांनी गढीच्या दिशेनं हात जोडले. मग एक दिवस कारभारी मानाजीराव घोड्यावरून आले. त्यांच्याबरोबर सुतळीची भेंडोळी होती, खुंट्या होत्या आणि चुन्याच्या फक्कीनं भरलेल्या पाट्या होत्या.

कारभाऱ्यांच्या माणसांनी पहिल्यांदा काय केलं, तर माळावरच्या लोकांना उठवलं आणि एका कडेला उभं केलं. पायात पाय नकोत म्हणून. मग सुतळ्या ताणल्या, फक्की टाकली, आणि ऊन तापायच्या आत सगळं गाव आखून मोकळे झाले. इथं वेस, इथं चावडी, इथं देऊळ, या ओळीत माळी, त्या ओळीत कुंभार. सगळ्या रेघा कशा बाणासारख्या सरळ. गढीच्या सज्जातून बघितलं तर गाव सोंगट्यांच्या पटासारखं देखणं दिसावं, अशी सरकारांची इच्छा होती. नंतर दवंडी झाली, की ज्यानं त्यानं आपापल्या चौकोनात घर बांधावं, रेघेबाहेर वीट ठेवील त्याची जागा जाईल.

लोक कडेला उभे होते. कुणी मान हलवली, कुणी सुस्कारा सोडला. आणि मग ती घाटावरची हाक उठली.

"आमच्यातल्या कुणाला विचारलं?"

कारभाऱ्यांनी वळून बघितलं. कोंडाई गर्दीतून पुढं आली होती. कारभारी हसले आणि म्हणाले, "बाई, सरकार तुम्हाला फुकट गाव देतायत. आणखी विचारायचं काय?"

"भिंती आम्ही घालणार. राहणार आम्ही. मरणार आम्ही. मग आखताना आम्हालाच बाजूला का उभं केलंत?"

कारभाऱ्यांनी सांगितलं, की अशी कितीतरी गावं आपण आखली, अजून कुणाची तक्रार आली नाही. कोंडाईनं विचारलं, की लोक राहायला गेल्यावर तिथं परत कधी गेला होतात का. यावर कारभाऱ्यांनी घोडा वळवला. 

आता विचार करा. मेंढरं बसवायची असली तरी धनगर आधी मेंढरांकडं बघतो, वारा बघतो. इथं जितीजागती माणसं होती. कुणाला संधिवात, कुणाला पाळण्यातलं पोर, कुणाला सासूशी वेगळी चूल. ती सगळी एका कडेला उभी, आणि त्यांचं अख्खं आयुष्य परका माणूस सुतळीनं मापतोय. कोंडाईच्या अंगाचा जाळ झाला, तो उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना लोक बघतात, तर कोंडाई आपल्या चौकोनात तीन दगड मांडून भाकरी थापत बसलेली. भिंत नाही, छप्पर नाही, नुसत्या चार पांढऱ्या रेघा. दार म्हणून जिथं जागा सोडली होती तिथूनच आत-बाहेर करत होती. लोकांना वाटलं, पुरानं हिचं डोकं फिरलं. तिला विचारलं तर म्हणाली, "राहून बघते." आणि तिथून ती उठली ती प्रत्येक घोंगडीखाली वाकून सांगत सुटली, की बांधायच्या आधी एक दिवस या रेघांत राहून बघा. नुसतं डोळ्यांनी बघू नका, राहून बघा. तिच्या आवाजापुढं कुणाचं चाललं नाही. लोक हसत हसत का होईना, उठले आणि आपापल्या चौकोनात जाऊन बसले. त्या दिवशी सगळी हिवरसांगवी चुन्याच्या रेघांत नांदली, असं म्हणतात.

दुपारपर्यंत हसणं थांबलं. बायका पाण्याला निघाल्या, तर नदीची वाट चावडीपुढून. गावची सगळी पुरुषमंडळी बसणार तिथूनच डोक्यावर घागर घेऊन दिवसातून कितीदा जायचं. पहाटे बायकांनी परसाकडे जायची जागा तर हमरस्त्याच्या तोंडाला. माळ्यांनी गाड्या आणल्या, त्या गल्लीत शिरल्या पण वळेनात, बैल उलटे चालवायची पाळी आली. कुंभारानं मडकी भाजायच्या आव्याच्या जागी थोडं पाचट पेटवलं, तर धूर सरळ साऱ्या गावाच्या डोळ्यांत. मसणवट्याची वाट देवळाच्या दारातून. आणि सुभानजी पाटलांच्या दारातून सकाळचं ऊन कधी येणारच नव्हतं, कारण सरळ रेघेच्या हट्टापायी त्यांचं दार खडकाकडं तोंड करून होतं.

तेव्हा गाव पेटलं. आधी जो तो आपलं नशीब म्हणून गप्प होता. सगळ्यांचं एकमेकांना कळल्यावर तो नशिबाचा भाग राहिला नाही. पाटील पुढं, माळी-कुंभार मागं, असे सगळे कारभाऱ्यांपुढं गेले. कारभारी चिडले. त्यांनी सगळ्यांना रेघांबाहेर व्हायला फर्मावलं आणि आपल्या माणसांना पुन्हा तशीच फक्की टाकायला लावली. पण लोक हलले नाहीत. जो जिथं होता तिथं उभा राहिला.

आता पुढचं ऐका. फक्की टाकणाऱ्यानं मूठ सोडली, तर चुना सुतळीवर पडेना. वारा नव्हता, पानसुद्धा हलत नव्हतं. पण चुना मुठीतून सुटायचा, हवेत जरासा थांबायचा आणि उभ्या असलेल्या माणसांच्या पायांभोवती गोल होऊन बसायचा. म्हाताऱ्यांच्या पायांभोवती, पोरांच्या पायांभोवती, पोटुश्या बाईच्या पायांभोवती जरा मोठा गोल. बघता बघता पाट्या रिकाम्या झाल्या. सुतळी कोरडीच राहिली आणि प्रत्येक माणूस आपापल्या पांढऱ्या गोलात उभा. कारभाऱ्यांनी घोडा पुढं घातला, तर घोडा त्या गोलांवर टाप टाकेना, असं म्हणतात.

जहागीरदारांना ही हकीकत कळली.  मग त्यांनी निरोप धाडला, की ठीक आहे, तुमचं गाव तुम्ही आखा. कोजागिरीला मी स्वतः येईन आणि विचारीन. सगळ्यांचं एकमत असेल तर तेच गाव. पण एकानं जरी नाही म्हटलं, तर माझ्याच रेघा खऱ्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पुष्कळ गावांत ती इथंच संपवतात आणि कोंडाईला ओवाळतात.

गाव आखायला बसलं. म्हणजे माळावरच्या एका झाडाच्या पारावर पाटील बसले, कुलकर्णी बसले, चार शहाणी म्हातारी माणसं बसली. कोंडाईची जागा नदीच्या वाटेला लागून हवी, कपडे वाळवायला मोकळं अंगण हवं, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच मान्य केलं. माळ्यांच्या गल्ल्या रुंद झाल्या. आवा वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला. पाटलांचं दार उगवतीला आलं. कोंडाई खुशीत होती. तिनं गाढवं काढली आणि बऱ्याच दिवसांनी गाणं म्हणत घाटावर गेली.

दुपारी ओल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती परत येत होती. माळाच्या पूर्वेला एक ओढा होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला, खोलगटात, तिला पांढऱ्या रेघा दिसल्या. लहान लहान चौकोन, एकमेकांना चिकटलेले. पावसाळ्यात तिथं कमरेएवढं पाणी साचायचं हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातल्या एका चौकोनात धोंडनाक बसला होता. तो कुसाबाहेरच्या वस्तीतला जुना माणूस. पुरात त्याची सून आणि तिची तान्ही लेक गेली होती. सगळं गाव त्याला धोंड्या म्हणायचं, केस पिकले तरी.

कोंडाई थांबली. म्हणाली, "धोंडनाक, इथं कशी जागा घेतली तुम्ही? आणि त्या दिवशी राहून बघितलं नाही का?"

धोंडनाकानं वर बघितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"माय, त्या दिवशी तू सगळ्या गावाला हाका मारल्यास. आम्ही बांधावर उभं राहून ऐकत होतो. आम्हाला हाक आली नाही."

 ज्या बाईनं कारभाऱ्याला विचारलं, की कुणाला विचारलं, तिनंच यांना विचारलं नव्हतं. प्रत्येक घोंगडीखाली ती वाकली होती, पण बांधापलीकडं गेली नव्हती. तिला ते सुचलंही नव्हतं. आजवर तिचा राग दुसऱ्यांवर निघायचा, त्या दिवशी तो उलटून तिच्याच अंगावर आला. डोक्यावरचं ओलं गाठोडं उभ्या उभ्या वाळून कडकडीत झालं आणि कपड्यांना सुरकुती राहिली नाही, असं म्हणतात.

ती तशीच पारावर गेली. पाटलांना तिनं विचारलं, की धोंडनाकाच्या माणसांना ओढ्यात कुणी घातलं. पाटील म्हणाले, की घालायचं काय त्यात, ते पूर्वेलाच असतात, गावावरचा वारा त्यांच्याकडं जावा, त्यांच्याकडचा गावावर येऊ नये, अशी वहिवाट आहे. कुलकर्ण्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की त्यांची काही तक्रार नाही. कोंडाईनं विचारलं, की तक्रार ऐकायला कोण गेलं होतं.  मग पाटील जरा खालच्या आवाजात म्हणाले, "कोंडाई, तुझी जागा तुला मिळाली ना? मग आता गप बस."

 कोंडाई सरळ आपल्या नव्या चौकोनाकडं गेली. मोकळं अंगण, नदीची वाट, जसं मागितलं तसं. तिनं पायानं एकेक रेघ पुसून टाकली. गाढवं सोडली, चुलीचे तीन दगड पदरात घेतले आणि ओढ्याच्या खोलगटात जाऊन धोंडनाकाच्या शेजारी मांडले. तिथून तिनं जी हाक दिली, ती सगळ्या माळानं ऐकली.

"कोजागिरीला माझं नाही आहे. मी नाही म्हणणार."

 एकानं नाही म्हटलं, तर पुन्हा त्या सरळ रेघा, तो धूर, त्या न वळणाऱ्या गाड्या. काल जिच्या मागं सगळे उभे होते तिलाच आज शिव्या सुरू झाल्या. हिला काय पडलंय, ना मूल ना बाळ, म्हणाले. ही बाटली, म्हणाले. तिला कपडे देणं बंद झालं. बलुतं बंद झालं. तिची गाढवं कुणी तरी पार डोंगराकडं हुसकून दिली. पाणवठ्यावर तिची घागर वेगळी ठेवायला सांगितलं. हे सगळं त्याच लोकांनी केलं, ज्यांना कारभाऱ्यानं कडेला उभं केलं होतं. आपल्याला कडेला उभं केल्यावर कसं वाटतं ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही त्यांनी ते केलं. ही गोष्ट सांगताना इथं आवाज चढतो, तो यासाठी.

कोंडाई मात्र ओढ्यात राहिली. धोंडनाकाच्या वस्तीनं तिला आपल्यातली भाकरी दिली आणि तिनं ती खाल्ली. हे त्या काळात किती मोठं होतं, ते आज सांगूनही कळायचं नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी पाटलांच्या घरातून गुणाबाई पाटलीण बाहेर पडल्या. घराबाहेर त्या एकट्या कधी दिसायच्या नाहीत. त्यांनी चुलीवरचा तवा काढला, पदर घट्ट खोवला आणि उतार उतरून ओढ्याकडं निघाल्या. पाटील मागून गेले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. पाटलीणबाई थांबल्या.

"पारावर तुम्ही आपल्या घराचं सांगितलंत. मला कुठं विचारलं होतंत? मीही नाही म्हणणार आहे."

आणि त्या कोंडाईशेजारी जाऊन बसल्या. मग माळ्यांच्या गल्लीतून दोघीतिघी निघाल्या. कुंभारीण निघाली. न्हाव्याची म्हातारी आई काठी टेकत निघाली. दिवस कलेपर्यंत माळावर एकही चूल पेटलेली नव्हती, आणि ओढ्याच्या खोलगटात बसायला जागा उरली नव्हती. तिथं कोण कुसातलं आणि कोण कुसाबाहेरचं, ते धुरातून ओळखू येईना. पुरुषमंडळी पारावर बसून राहिली. पोटात भूक, आणि बोलायला तोंड नाही.

शेवटी सुभानजी पाटील उठले. एकटेच उतार उतरले. ओढ्याशी आल्यावर त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं की नाही, याबद्दल लोक अजून वाद घालतात. पण ते धोंडनाकापुढं उभे राहिले, याबद्दल वाद नाही. ते म्हणाले, "धोंडनाक, तुम्हाला कुठं राहायचं?"

त्यांनी पहिल्यांदाच त्याचं नाव पुरतं घेतलं होतं.   त्याच्या बापाला, बापाच्या बापाला, कुणालाच हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो कानांत शिरून आत पोचायलाच वेळ लागला. मग त्यानं हात उचलून माळाचा माथा दाखवला.

"उंचावर," तो म्हणाला.

एवढाच शब्द. आणि तो बोलल्याबरोबर खोलगटातल्या चुन्याच्या रेघा जमिनीवरून सुटल्या आणि बगळ्यांच्या थव्यासारख्या उडून माळाच्या माथ्यावर जाऊन बसल्या, असं म्हणतात. मी काही बघितलं नाही. पण माथ्यावरची माती आजही बाकीच्या माळापेक्षा पांढरी आहे, ती कुणीही जाऊन बघावी.

दुसऱ्या दिवशी जहागीरदार आले. त्यांनी घोड्यावरून उतरून विचारलं, की सगळ्यांना हे गाव मान्य आहे का. पाटलांनी पुरुषांना विचारलं, पाटलीणबाईंनी बायकांना विचारलं, धोंडनाकानं माथ्यावरच्या आपल्या माणसांना विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं. रेघा थोड्या वाकड्या होत्या, गल्ल्यांना बाक होता. गढीवरून ते काही पटासारखं दिसणार नव्हतं. जहागीरदारांनी एकदा गावाकडं बघितलं, एकदा गढीकडं, आणि शब्द पाळला.

यामुळं सगळं सुटलं असं कुणी समजू नये. पाणवठा एक व्हायला पुढं कितीतरी पिढ्या गेल्या, आणि देवळाचं दार उघडायला त्याहून जास्त. पण पुढं एका साली ओढ्याला तसाच पूर आला, आणि त्या रात्री खोलगटातून फक्त पाणी वाहिलं. सकाळी धोंडनाकाची नातवंडं माथ्यावर उभी राहून ते बघत होती.

आणि कोंडाई? इथं ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण थांबतो.

घरं उभी राहायला लागली. भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या. कामाच्या धांदलीत एक दिवस पाटलीणबाईंनी कपडे धुवायला टाकायचे म्हणून कोंडाईचं घर विचारलं. कुणाला सांगता येईना. या गल्लीत बघितलं, त्या गल्लीत बघितलं. मग लक्षात आलं, की तिनं आपल्या रेघा पुसल्या होत्या आणि त्या परत कुणी ओढल्याच नव्हत्या. तिची मोकळ्या अंगणाची जागा दोन बाजूंच्या शेजाऱ्यांनी आपसांत वाटून घेतली होती. कोजागिरीला सगळ्यांना विचारलं, तेव्हा ती पाठीमागं उभी राहून बायकांकडं बघत होती म्हणे. तिला विचारायचं राहिलं.

माणसं ओढ्याकडं धावली. तिथं तीन दगड होते, चुलीत राख होती. नदीकाठानं वर-खाली सगळीकडं हाका मारत लोक फिरले. ती कुणाला भेटली नाही. कुणी म्हणतं, डोंगराकडं हुसकलेली गाढवं शोधायला गेली ती गेली. कुणी म्हणतं, नदीपलीकडं कुठल्या तरी गावात फक्की पडत होती, तिकडं गेली. कुणी म्हणतं, संतापून गेली, आणि तिचा संताप अगदी बरोबर होता. घाटावर उन्हाळ्यात पाणी आटलं, की दगडावर कपडे आपटल्याचा आवाज येतो, असं म्हणतात.

तेव्हापासून हिवरसांगवीत एक रीत आहे. गावात काहीही नवं करायचं असो, विहीर, रस्ता, शाळेची खोली, तर आधी त्या जागेवर फक्की टाकतात आणि सगळं गाव तिथं एक दिवस राहायला जातं. रस्ता असेल तर त्यावरून चालतात, गाड्या नेतात. खोली असेल तर पोरं रेघांत बसून पाढे म्हणतात. संध्याकाळी एक माणूस मध्ये उभा राहतो आणि विचारतो, "राहिलं का कुणी?" तेव्हा सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "कोंडाई राहिली." मग सगळे गप्प बसून वाट बघतात. कुणाला काही म्हणायचं असेल तर तो तेव्हा बोलतो. लहान असो, मोठा असो, त्याला मध्येच तोडायचं नाही. तो बोलून होईपर्यंत कुदळ उचलायची नाही.

अलीकडं एकदा तालुक्याहून साहेब आले होते. पाण्याची टाकी मंजूर झाली होती आणि साहेबांना घाई होती. त्यांनी जागा आधीच पक्की केली होती. सरपंच म्हणाल्या, की साहेब, आमच्या गावात एक दिवस लागतो. साहेब वैतागले, घड्याळ बघायला लागले, पण थांबले. गाव जमलं, प्रश्न विचारला, उत्तर झालं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की माथ्यावरची सुंदरामावशी आलेली नाही. तिचे पाय गेलेत, ती दोन वर्षं अंथरुणावर आहे. चौघं जण गेले आणि तिला बाजेसकट उचलून घेऊन आले. टाकीच्या जागेवर बाज ठेवली. सरपंच तिच्याशेजारी खाली बसल्या आणि तिला सगळं समजावून सांगितलं. टाकी इथं होणार, नळ तिथून जाणार, मावशी, तुला काय वाटतं?

सुंदरामावशीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग म्हणाली, "मला उद्यापर्यंत विचार करू द्या."

गावानं बाज उचलून तिला घरी पोचवलं. साहेबांनी त्या रात्री शाळेत मुक्काम केला.